वनिताचं सिझर

४ मार्च
कोर्टाची पुढची तारीख. वकील म्हणाले, "मॅडम, सिझर केलं म्हणून कोणी खेचत नाही. थांबलात म्हणून खेचतात." जिने केस केलीय त्या बाईच्या वेळी मी सिझर न करता थांबले ते बरोबरच होतं, अजूनही तसंच वाटतं. पण त्यांचं बाळ गेलं. त्यांच्यावर रागावू तरी कशी?

९ मार्च
ओपीडीत कामतघरची वनिता. पहिलटकरीण, नववा भरत आलाय. घरी लूमसाठी सुताच्या कांड्या भरते, म्हणून एकच घोशा: टाके नकोत, लवकर कामाला बसायचंय. सोबत खारबावहून आलेली सासू. सगळं उत्तम, तरी परत सोनो लिहून दिली. सासू तडकली, "परवाच केली ना? पोर बरं हाय म्हनता, मंग परत कशाला?"
कोर्टाने विचारलं तर दाखवायला, हे कसं सांगणार? भुर्दंड त्यांना, धीर मला. वनिताला मात्र शब्द दिला, उगाच कापणार नाही.

१७ मार्च
वनिता सकाळी आली. कळा चांगल्या. पूर्वी मी खुर्ची ओढून, पोटावर हात ठेवून बसायचे. चहासुद्धा तिथेच. आज नुसती ठोके मोजणाऱ्या मशीनच्या पट्ट्या काढत राहिले. दुपारी बाळाचे ठोके एकदा खाली गेले, लगेच सावरले. असं कितीदा पाहिलंय. कुशीवर वळवायचं, वाट बघायची. सिस्टर माझ्या तोंडाकडे बघत होती. म्हटलं, भूलतज्ज्ञांना फोन लाव.
मुलगी. खणखणीत रडली. आनंद व्हायचा, तर मला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटली त्याची.

१८ मार्च
सासूने सगळ्या स्टाफला जिलेबी वाटली. माझे हात धरून म्हणाली, "बाय, तू व्हतीस म्हून माजी नात हाय. मी उगाच बडबडली." खरं सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि जिलेबी खाल्ली.

२४ मार्च
टाके काढले. जखम छान भरलीय. कपडे नीट करता करता वनिता म्हणाली, "मॅडम, पुढचं तरी बिनटाक्याचं होईल ना?"
होऊ शकतं. पण आधी सिझर झालेल्या बाईजवळ वाट बघत बसायला इथे आता कोण तयार आहे? मी बसेन?
"बघू," म्हटलं.
तिला ते हो वाटलं.