मधल्या खोलीतला पंखा

१७ एप्रिल, गुरुवार
मधल्या खोलीतला पंखा पडला. दुपारी, पावणेतीनच्या सुमारास. मी त्याच पलंगावर आडवी झाले होते. मनूचा फोन वाजला म्हणून उठून बाहेरच्या खोलीत आले, हॅलो म्हटलं, आणि मागे तो आवाज. एक पातं गादीत शिरलं, उशीपाशीच. पलंगाची फळी फुटली. मनू बिलासपूरहून विचारतेय, "क्या गिरा आई?" म्हटलं, पातेलं.

हे येऊन दारात उभे राहिले. वर बघून म्हणाले, "हुक तुटला असंल."

हुक जागेवर आहे. मला दिसत होता. ह्यांनाही दिसलाच असेल.

अक्षर नीट येत नाही आज.

१८ एप्रिल, शुक्रवार
बाहेरच्या खोलीत कूलरसमोर चटई टाकली. तिथला पंखा मी चालू करू दिला नाही. हे म्हणाले, "काहून एवढी घाबरून राहिली? वीस वर्षं जुना होता तो."

जुना खरा. पण गेल्याच महिन्यात ह्यांनी तो उतरवला, तेल दिलं, परत लावला. रेल्वेत इलेक्ट्रिक फिटर म्हणून जन्म गेला. आमच्या घरात बाहेरच्या मिस्त्रीने कधी स्विचलाही हात लावलेला नाही. ह्या चौबे कॉलोनीतले अर्धे पंखे ह्यांनीच लावलेत.

मनू ५ मेला बाळंतपणाला येतेय. सातवा संपेल तोवर. तीच खोली, तोच पलंग. आणि मे महिन्यात इथे पंख्याशिवाय

१९ एप्रिल, शनिवार
ह्यांचा निळा शर्ट धुवायला घेतला. खिशात दोन पिना. पंख्याच्या.

लग्न झालं त्या वर्षी ह्यांनीच शिकवलं होतं. नट कितीही आवळला तरी पंख्याच्या हादऱ्याने सैल होतो, म्हणून बोल्टच्या भोकातून पिन घालायची. नंतर दरवेळी मी स्टूल धरून उभी, आणि हे पिन घालायच्या आधी वरून मला दाखवणार. "दोघांनी पाह्यली म्हंजे झालं." गेल्या महिन्यात पंखा लावला तेव्हा मी घरी नव्हते, दाताच्या डॉ.कडे गेले होते.

पिना शिलाईच्या डब्यात ठेवल्या. बोलले नाही. बोलले तर ती गोष्ट खरी होईल.

गेल्या आठवड्यात दूध गॅसवर ठेवून हे फिरायला गेले. त्याच्या आधी शेजारच्या वहिनींना दोनदा विचारलं, तुमचे मिस्टर कुठे असतात. ते वारले तेव्हा खांदा दिला होता ह्यांनी. तेव्हा मी म्हटलं, वय झालं. हसलेसुद्धा.

२० एप्रिल, रविवार
शंकर नगरला दुकानात गेलो. छताला ओळीने पंखे, सगळे फिरत होते. मी दाराजवळच्या खुर्चीवर बसले, जिथे वर काही नव्हतं.

हे मात्र खुशीत. बोटाने पातं फिरवून बेअरिंगला कान लावत होते. दुकानदाराला म्हणाले, ह्याचा आवाज सहा महिन्यांत येईल, दुसरा दाखवा. अगदी पूर्वीसारखे. वाटलं, उगाच भ्यायले मी. एकदा विसरतो माणूस.

मग विचारलं, "वाइंडिंग कॉपर की है?" दुकानदार म्हणाला, हां अंकल, शुद्ध कॉपर. दोन पंखे बघून झाले आणि पुन्हा तेच. मग परत तेच, त्याच आवाजात. दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी कॅटलॉग उघडला.

"हमारा मिस्त्री लगा जाएगा," तो म्हणाला. हे ताडकन, "मैं खुद फिटर हूँ."

काही न घेता आलो.

२२ एप्रिल, मंगळवार
जेवताना विषय काढला, मिस्त्री बोलावू या का. ताट सरकवलं. "तुले माझ्यावर भरोसा नाही का?"

आहे म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ह्यांच्याशी सरळ खोटं बोलले.

दिवसभर ह्यांच्या मागे मागे फिरते. गॅस, गीझर, गेटची कडी. ह्यांना कळतं की काय कोण जाणे.

२४ एप्रिल, गुरुवार
मनूला सांगायचं ठरवून फोन केला. ती म्हणाली, "आई, नया पंखा पापा ही लगाएँगे ना? मेरे और बेबी के लिए." तिचं बी.पी. वाढलंय, डॉ.नी आराम सांगितलाय. म्हटलं, हो, पापाच लावतील.

म्हणजे कुणालाच सांगायचं नाही. इथे लिहायचं.

२६ एप्रिल, शनिवार
ब्लाऊजच्या कापडाचं निमित्त काढून एकटीच दुकानात गेले. लाइटवाले, रिमोटवाले, लाकडी रंगाचे, सगळे दाखवले त्याने. मी विचारलं, सगळ्यात हलका कोणता. "दीदी, गिराने के लिए थोड़ी ले रही हैं," तो गमतीत म्हणाला. मला हसता आलं नाही. साधा पांढरा घेतला. मिस्त्रीला उद्या अकराला बोलावलं. हे तेव्हा रविवारी मित्रांकडे कॅरमला असतात.

चोरी केल्यासारखं वाटतंय.

२७ एप्रिल, रविवार
मिस्त्री स्टुलावर चढला आणि गेट वाजलं. हे लवकर परतले होते. आता आवाज चढवतील, त्याला खाली उतरवतील, स्वतः चढतील.

पण ह्यांनी चप्पल काढली, आत आले आणि स्टूल धरून उभे राहिले. शेवटी फक्त म्हणाले, "पिन दिखाओ, भैया." त्याने दाखवली. मग घातली.

तो गेल्यावर हे पलंगाच्या कडेला बसले. पंखा फिरत होता, आवाज नाही. वर बघत म्हणाले, "शोभा, तो पंखा मी लावला होता का?"

"हव. गेल्या महिन्यात. तेल दिलं होतं तुम्ही."

"मले नाही आठवून राहिलं. दहा दिवस झाले, आठवून पाहून राहिलो. उतरवलेलाच नाही आठवत." मग म्हणाले, "तू तिथं झोपली होती."

मी हात धरला. गार होता, एवढ्या उकाड्यात.

३० एप्रिल, बुधवार
मेंदूच्या डॉ.कडे नेलं. नाही म्हणाले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. महिना कोणता, विचारलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. हिशेबाला इतका पक्का माणूस, त्र्याण्णवनंतर थांबले.

स्कॅनचा रिपोर्ट पुढच्या आठवड्यात. काही गोष्टी साध्या व्हिटॅमिनच्या कमीनेही होतात म्हणे. तोपर्यंत गाडी चालवू देऊ नका, असं डॉ. मला म्हणाले, ह्यांच्यासमोरच.

घरी आल्यावर म्हणाले, "गॅस आता तूच बंद करत जाजो." एवढंच.

५ मे, सोमवार
मनूची ट्रेन पाऊण तास लेट आहे म्हणून लिहायला बसले. जावई तिकडून बसवून देणार, इथे आम्ही उतरवून घ्यायचं. नवी चादर घातली, पंखा सकाळपासून चालू ठेवून बघितला.

मी रिक्षा बोलावते म्हटलं. ह्यांनी कारची चावी खिळ्यावरून काढली. डॉ. काय म्हणाले, आठवण दिली. "आठवते," म्हणाले. "ते नाही विसरलो." मग हळूच, "पोट्टी पहिल्यांदा अशी येऊन राहिली. आजच्या दिवस मले आणू दे. उद्यापासून चावी तुझ्याजवळ."

स्टेशन काही लांब नाही. रस्ता ह्यांच्या पायाखालचा. पण येताना गाडीत मनू असेल, आणि

अंगणात गाडी सुरू केली आहे. काच पुसताहेत. इस्त्रीचा शर्ट घातलाय. दोनदा हाक मारली, "शोभा, चाल ना."

मी अजून चप्पल घातलेली नाही.