साक्षीदाराची सही

पलूस, रविवार, १२ जानेवारी

आज सूड घेतला. पस्तावा? अजिबात नाही.

अब्बा वारले तेव्हा मी दोन वर्षांची होते. "हिचा निकाहच झाला न्हाई," म्हणत अब्बांच्या भावानं, बशीरचाचानं, अम्मीला आणि मला घराबाहेर काढलं. चाळीस वर्षं गावात तेच ऐकत आलो. गेल्या आठवड्यात अम्मीच्या माहेरी, साताऱ्यात, जुन्या काझींच्या घरी निकाहाची वही सापडली. अब्बांचं नाव, अम्मीचं नाव आणि खाली साक्षीदार म्हणून सही बशीरचाचाची! मराठीत, ठळक. तेव्हापासून ती सही डोळ्यांपुढून हलत नव्हती.

आज त्याच्या नातीचा साखरपुडा. न बोलावता गेले आणि सगळ्यांसमोर त्या पानाची झेरॉक्स त्याच्या हातात दिली.

"चाचा, मोठ्यानं वाचा."

"आगं, पोरीच्या कार्यात कशाला हे?"

"माझी अम्मीही तेव्हा पोरगीच होती."

साखरपुड्याला आलेले मौलाना म्हणाले, "वाचा." चाचानं वाचलं. स्वतःच्या सहीपाशी येऊन अडकला. मी म्हटलं, "तेही वाचा." वाचलं.

नातीचा चेहरा पडला. तिचा काय दोष? कळत होतं. तरी थांबले नाही.

घरी येऊन अम्मीला सगळं सांगितलं. वाटलं, रागावेल. ती भाजी निवडत होती.

"वाचताना त्याचा आवाज कापत हुता का?"

"लय."

तिनं भाजी बाजूला सारली. "परत सांग. पहिल्यापासनं."