खडूचा नेम

सोमवार, रोहा

आज शाळेत पालक समितीची बैठक झाली. परवा रानडुक्कर मैदानात शिरलं होतं, म्हणून. अध्यक्ष म्हणाले, "गुरुजी, वडलांच्या माघारी बंदुकीचा परवाना तुमच्या नावावर हाय. बंदूक शाळेत आणून ठेवा की." मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं, "त्याला वेगळं प्रशिक्षण लागेल ना?" अध्यक्ष हसले. "शेतकऱ्याला कसलं प्रशिक्षण? वालाच्या शेतात डुकरं मारलीत त्यांनी."

मारली नाहीत. मी हवेत बार उडवतो, डुकरं पळतात. पण हे बोललो नाही. का? ऐकायला बरं वाटलं असावं.

आम्हा शिक्षकांना खिचडीपासून मतदान यंत्रापर्यंत सगळ्याचं प्रशिक्षण असतं. आग विझवायचा तो लाल सिलिंडर तर दोनदा शिकवला. बंदुकीचं शिकवतील तर काय शिकवतील? नेम धरायला. आणि राग आलेला असताना?

गेल्या आठवड्यात मागच्या बाकावरच्या साहिलला खडू फेकून मारला. लागला शेजारच्या मानसीला, डोळ्याच्या अगदी खाली. तिने घरी मात्र "दार लागलं" असं सांगितलं. हेही मी बैठकीत बोललो नाही. विचार करून सांगतो, एवढंच म्हणालो.

तिथून पाचवीच्या तासाला गेलो. फळ्यावर तारीख लिहायची होती, म्हणून खडू उचलला.

मानसीने वही डोळ्यांसमोर धरली.