अस्सल कळलावी

१२ जून २०१५
आमचा बोअर आटला. शेजारच्या आप्पासाहेबांनी परवा नवा घेतला, आमच्या दुप्पट खोल. जाब विचारायला गेलो तर म्हणाले, जमिनीखालचं पाणी कुणाच्या नावावर नसतंय, सदाशिवराव. वर चहा पाजला. त्याच पाण्याचा. प्यालो, पण मनापासून नाही.
सूड घेणार. थंड डोक्याने.

१४ जून
उपाय सापडला. कळलावी. आत्या म्हणायची, कळलावीचं फूल ज्याच्या दारात उमलेल त्या घरात भांडणं लागतात. आप्पासाहेबांकडे फारच गोडीगुलाबी आहे. म्हातारी आई, मुलगा, सून, सगळे एका ताटात. सून तर सुखाने चांगलीच जाड झालीय. बघतोच.
अंबिकाला फक्त ‘फुलझाड’ म्हणून सांगितलं. बायकांच्या पोटात काही राहत नाही.

२० जून
पाचोडच्या बाजारातून कंद आणला. वाकडा, नांगरासारखा. विकणारा म्हणाला, अस्सल आहे. फोनमधलं अ‍ॅप म्हणालं, आलं आहे. अ‍ॅप डिलीट केलं.
कंद विषारी असतो, म्हणून हात तीनदा धुतले. अंबिका म्हणाली, अहो, टँकर काय आपल्याच दारात बांधलाय का?

५ जुलै
कोंब आला! पाऊस नाही. पालिकेचं पाणी येईल तेव्हा खरं. टँकरच्या पाण्यातली एक बादली रोज कुंडीला. अंबिकाने विचारलं, धुण्याचं पाणी गेलं कुठं? भांडण नाही झालं. चर्चा झाली. शेजाऱ्यांनाही ऐकू गेली असावी.

२४ जुलै
पानांची टोकं आकड्यासारखी वळतायत. हीच खूण. अस्सल! वेल सुतळीने बांधून भिंतीपलीकडे सोडली. फूल येईपर्यंत आप्पासाहेबांशी हसून बोलायचं, असं ठरवलं. आज हसलो. त्यांनी विचारलं, दात दुखतोय का?
अंबिका दोन दिवस बोलत नाही. हवेमुळे असेल.

११ ऑगस्ट
आप्पासाहेबांचा दुसरा मजला चढतोय. या चिकलठाण्यात आता कुणाला ऊन म्हणून मिळायचं नाही. भिंतीवर सगळी सावली, त्यामुळे वेलीने माघारी फिरून आमच्याच खिडकीचा गज धरला. सोडवून पलीकडे टाकली. सकाळी परत इकडे. फितूर!
अंबिकाची अंघोळीची बादली कुंडीत ओतताना सापडलो. तिने तांब्या फेकला. लागला नाही. मुद्दाम चुकवला असणार. प्रेम आहे.

२ सप्टेंबर, दुपार
कळी धरली आणि लगेच गुण! शेजारी आरडाओरडा. सून ओरडतेय, मुलगा ओरडतोय, आप्पासाहेब अनवाणी गाडीकडे पळाले. घर फुटलं! जिलबी आणली. एकट्यानेच खाल्ली.

३ सप्टेंबर
आप्पासाहेब पेढे घेऊन आले. नात झाली. कालचं भांडण नव्हतं, सुनेला, श्रेयाला, कळा सुटल्या होत्या.
मागोमाग त्यांच्या आई, चतुराबाई. माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. म्हणाल्या, नातसुनंच्या कळा येळंवर याव्या म्हणून लावलीस व्हय रं? नावच तिचं कळलावी! घरात भांडणं लागत्यात म्हून कुणी दारात लावत नाय तिला. तू आमच्यासाठी सोसलंस, लई मोठं मन तुझं.
मी नाही म्हणालो नाही. आप्पासाहेबांचे डोळे भरून आले. त्यांच्या बोअरवरून आम्हाला पाइप टाकून देणार आहेत.
अंबिका दारात उभी राहून ऐकत होती. आधी वेलीकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या सुतळीकडे. पेढा तसाच ठेवला.

६ सप्टेंबर
अंबिका गंगापूरला भावाकडे गेली. म्हणाली, पाण्याचं मला काही नाही हो. पण पोटुशी पोर होती त्या घरात, आणि तिथं भांडणं लागावीत म्हणून माझ्या अंघोळीचं पाणी घातलंत? परत कधी येणार ते विचारलं. रिक्षा सुरू झाली होती, ऐकू आलं नसेल.
पाइपला धो धो पाणी आहे. सगळी भांडी भरून ठेवली. वापरायला मी एकटा.
संध्याकाळी फूल उमललं. लाल-पिवळं, आमच्या खिडकीच्या गजाला.
कंदवाला खोटं बोलला नव्हता. अस्सलच आहे.