अकड आणि मीठ

नाही आबा, पाठीला काही झालेलं नाही, उगाच काळजी करू नका. झालं असं, की परवा शेजारीण आणि मी अलीगंजच्या बाजारातून एका रिक्षात बसून येत होतो. ती म्हणाली, "आंटी, आपमें अकड़ बहुत है." मला वाटलं, माझं अंग आखडतं ते हिच्या ध्यानात आलं. म्हटलं, "हाँ, ठंडी में ज्यादा रहती है. सरसों का तेल लगाती हूँ तो उतरती है." रिक्षावाल्याला हसू आवरेना, त्याचं पायडलच थांबलं. मग तिने सांगितलं, अकड म्हणजे आपला तो ताठा. इतकी वर्षं लखनौत काढली, आजवर कितीजणांनी मला हे ऐकवलं असेल, आणि मी बापडी प्रत्येकाला तेलच सांगत आले असेन.

घरी येऊन एकटीच हसले. सोबत हसायला आहे कोण? हे गेले, आणि मुलगा बदली होऊन भोपाळला. सामान बांधता बांधता त्याच्या त्या हिंदीत म्हणाला, "मम्मी, आप भी चलिए." मी म्हटलं, मला माझं घर पुरे. त्याने मान हलवली, ट्रंकेला कुलूप लावलं. पुन्हा विचारलं नाही. शेजारीण अकड म्हणते ती हीच.

तुम्हीही दुसऱ्यांदा हाक मारायचा नाहीत. मला शाळेतून काढायचं म्हणालात, तेव्हा मी ताटावरून उठून दारात जाऊन बसले. आई रडकुंडीला आली. तुम्ही म्हणालात, "बसू दे. शिळ्या भाकरीसारखी ताठलीय." भाकरीचं बरं असतं, ताकात बुडवली की झालं. मी आपली बसलेय, पाठ तुमच्याकडे, पण कान तुमच्याकडेच. आणि तुम्ही जेवता जेवता भिंतीला सांगावं तसं म्हणता, "कालवणात मीठ कमी आहे का, बघा रे कुणीतरी." मी उठले, चाखलं, चाखता चाखता भाकरी संपवली. मीठ बरोबर होतं. लबाड होतात तुम्ही. शाळेचा विषयही परत काढला नाहीत.

भोपाळहून फोन येतो तो शेजारणीकडे. तबियत कैसी है, म्हणतो. मी म्हणते, ठीक. मीठ काही तो विचारत नाही. त्याला तरी कुठून माहीत असणार? तुमचा ताठा मी त्याला दिला, मीठ द्यायचं राहूनच गेलं.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. माझी पत्रं मास्तर मोठ्याने वाचायचे, पारावरचे सगळे ऐकायचे, म्हणून मी नेहमी इकडे सगळं ठीक एवढंच लिहायची. हे पत्र काही टपालपेटीत टाकायचं नाही, तेव्हा खरं लिहिते. तो ट्रंक बांधत होता ना, तेव्हा माझी पिशवी पलंगाखाली भरून तयार होती. अजून तशीच आहे.