पिवळी पावडर

४ जानेवारी
भोसरीच्या लॅबमधून चऱ्होलीला गेले. कौसामावशींची डुकरं नव्या टॉवरच्या मागच्या पडीक जागेत. सरांना औषध न घेतलेल्या पिल्लांच्या पोटातले जिवाणू हवेत. कामाचे निघाले तर तेच खाद्यातून देता येतील, मग अँटिबायोटिक नको. मावशींना सांगितलं, माझं काम होईपर्यंत जुलाबावरची पिवळी पावडर, म्हणजे अँटिबायोटिकच, अजिबात द्यायची नाही. मावशी हसल्या. "आमच्या डुकरांची घाण एसीत, आन् आमी उन्हात. बरं हाय!" पण शब्द दिला.
"आजारी पडलं तर द्या" हे सांगायचं राहिलं.

त्याच दिवशी, नंतर
वरच्या "राहिलं"वर रेघ मारली. राहिलं नव्हतं, ओठावर आलं होतं. पण तेवढी सूट दिली की पहिल्या शिंकेला पुडी फुटणार, नमुना वाया. म्हणून गिळलं.

५ जानेवारी
अण्णा पहिल्या पाळीहून आले, चाकणची धूळ अंगावर. दुसरीपर्यंत मला त्यांनीच घरी शिकवलं; वडीलही तेच, मास्तरही तेच. त्यांची कंपनी बदलली की आमची खोली बदलायची, शाळा कुठून असणार? तेव्हाचा त्यांचा नियम: चुकलं तर खोडायचं नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. लॅबमध्येही हाच नियम आहे. पहिल्या दिवशी तो ऐकून घरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं होतं.
आज अण्णांनी विचारलं, काम कसं चाललंय. "चांगलं."

११ जानेवारी
दोन पिल्लं मेली. हगवण.
मावशींनी खुंटीकडे बोट दाखवलं. पावडरीची पुडी तिथेच लटकत होती. "मीठ-गुळाचं पानी पाजलं. पुडीला हात लावला न्हाई. तुमाला शबूद दिलेला." तक्रार नव्हती आवाजात. असती तर बरं झालं असतं.
कानावर ठिपका असलेलं एक पिल्लू मात्र उभं होतं. मावशी त्याला ठिपक्या म्हणतात. मावशींनी विचारलं, "अजून किती दिस असंच?"
आता तरी सांगायचं ना! मी म्हणाले, "थोडेच." आणि ठिपक्याचा नमुना घेतला.

१७ जानेवारी
ठिपक्याच्या नमुन्यातला एक जिवाणू जबरदस्त निघाला. प्लेटवर जुलाबाच्या जंतूंचा दाट थर, आणि याच्याभोवती स्वच्छ रिकामं वर्तुळ. सर खुर्चीतून उठलेच. "बरोबरची दोन गेली आणि हे टिकलं! असंच पिल्लू हवं होतं आपल्याला." सगळ्यांना भेळ मागवली.
मीही खाल्ली. चांगली लागली.
आता हा जिवाणू त्याच्या पोटात टिकून राहतो का ते बघायचं. पुन्हा त्याचाच नमुना. "तोवर औषध लागू देऊ नकोस हं," सर म्हणाले.

२४ जानेवारी
ठिपक्या धट्टाकट्टा. माझ्या बुटाची नाडी ओढत होता.
"काही दिलं नाही ना, मावशी?"
"न्हाई ओ ताई. शबूद म्हंजी शबूद."
खुंटी रिकामी होती. उकिरड्यापाशी फाटलेली पिवळी पुडी. मी बघितलं, आणि मी बघितलेलं मावशींनी बघितलं. त्यांनी पायानं तिच्यावर पेंढा ओढला. मी खाली वाकून नमुना घेतला, जसं काही…
माझ्या आजीच्या वयाची बाई मला घाबरून खोटं बोलली. आणि मला आनंद झाला, पिल्लू जिवंत आहे म्हणून. मग लगेच: नमुना निकामी. गप्प बसले तर चुकीच्या पुराव्यावरचं खाद्य किती डुकरांच्या पोटात जाईल. सांगितलं तर सर म्हणणार, बाई खोटारडी आहे, दुसरी शेड बघ. आणि तिथेही "पावडर द्यायची नाही" हे वाक्य मलाच सांगायचंय. अर्धं.

२५ जानेवारी
सांगितलं.
"कालचा नमुना टाकून द्यावा लागेल, सर. पिल्लाला पावडर दिली आहे."
"बाईनं? तुला न विचारता?"
"मीच सांगितलं होतं. आजारी पडलं तर द्या म्हणून."
"तुला नियम माहीत नव्हता?"
"होता."
सर चष्मा पुसत राहिले. उद्या सुट्टी, परवा बघू म्हणाले. मला ठेवायचं की नाही, तेही बहुधा परवाच.
खोटं बोलले. चार तारखेला म्हटलं असतं तर हेच वाक्य खरं झालं असतं. आता रेघ मारायची तर कोणत्या वाक्यावर?
दिघीच्या बसस्टॉपवर मावशींचा फोन. "ताई, ठिपक्याचं चांगलं निघालं का?"
म्हणाले, "मावशी, यापुढं कुठलंही आजारी पडलं तर पावडर द्या. मला विचारू नका."
मावशींनी गुरगुरणाऱ्या डुकरांना दटावलं. मग हळूच, "आदीच्या दोगांलाबी दिली आसती, तर चाललं आसतं का वो?"
मी म्हणाले, आवाज नीट येत नाहीये, मावशी.
येत होता.