वरचा मजला धाकट्याचा

ता. ३ जून

चि. भिंगरीस,

अ. आ. ते आधी घे, कारण पुढं फक्त ओरडा आहे.

तुझ्या आईचं पत्र आलं. चांगलं लांबलचक. त्यात तिची पाठदुखी, शेजारणीच्या सुनेचं बाळंतपण, आणि अगदी तळाला, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं, की भिंगरीला जहाजं बांधायच्या कॉलेजात घेतलं पण ती जाणार नाही, तिथल्याच कॉलेजात नाव घालणार. हे काय खूळ?

एवढीशी होतीस तेव्हा माझ्या सोफे-खुर्च्या दुरुस्तीच्या दुकानात येऊन फोमचे तुकडे बादलीत सोडायचीस, कुठला तरंगतो नि कुठला बुडतो बघायला. एकदा गिऱ्हाइकाच्या खुर्चीचा पाय सोडलास. पाय तरंगला, गिऱ्हाईक गेलं. तेव्हापासून जहाज जहाज करून आमचं डोकं खाल्लंस, एवढी अवघड परीक्षा काढलीस, आणि आता दार उघडल्यावर उंबऱ्यातून परत फिरतेस?

कोणी मुलगाबिलगा आडवा आला असेल तर तसं लिही, मी चक्कर येऊन पडणार नाही. फोन करू नकोस. दुकानात मशीन चालू असतं, आणि फोनवर तुम्ही सगळे गोडच बोलता. कागदावर खोटं लिहायला कष्ट पडतात, म्हणून माणूस खरं लिहितो.

लोभ आहे तेवढा पुरे, उत्तर तेवढं वाढव.

तुझी आत्या

ता. ८ जून

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. ओरडा पोचला. आईनं वाचायला मागितला, मी दिला नाही.

मुलगा नाही. असता तर आधी तुझ्याकडे काथ्या पिंजायला पाठवला असता. टिकला असता तर पुढचं बघितलं असतं.

झालं असं. त्या कॉलेजची फी बाबांच्या पगारात बसत नाही, हे आधीपासून माहीत होतं. पण ज्यांना झेपत नाही त्यांची फी कॉलेज माफ करतं, त्या भरवशावर मी परीक्षा दिली. आता त्यांच्या ऑफिसानं कळवलंय की तुमच्या वडिलांच्या नावावर भर बाजारातल्या दुमजली इमारतीचा अर्धा हिस्सा आहे, तेव्हा तुम्ही गरजू नाही. ती इमारत म्हणजे तुझं दुकान.

बाबा स्वतः जाऊन आले. म्हणाले, ते नावापुरतं आहे, तिथून आमच्या घरी कधी खिळासुद्धा आलेला नाही. खिडकीतल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सुचवलं की मग तो हिस्सा विका. बाबा घरी येईपर्यंत धुमसत होते. ताईच्या पायाखालची फरशी विकू का, म्हणत होते. मग मला शपथ घातली की आत्याला यातलं अवाक्षर कळवायचं नाही. ती मी मोडली, कारण तुला खोटं लिहायला खरंच कष्ट पडतात.

महिनाअखेरपर्यंत फी भरली नाही तर जागा दुसऱ्याला जाईल. जाऊ दे. इथलं कॉलेज वाईट नाही, इथं पूल बांधायला शिकवतात. पूलही पाण्यावरच असतात, फक्त कुठं जात नाहीत. एक दिवस भरपूर रडून घेतलं, आता बरी आहे. बाबांना बोलू नकोस.

माया आहे तशी राहू दे, आवाज थोडा कमी कर.

तुझी भिंगरी

ता. १२ जून

चि. धाकट्यास,

अ. आ. पोरीला शपथेचं काही विचारशील तर याद राख. मी खोदून विचारलं, तिनं सांगितलं.

बापानं जाताना इमारत दोघांच्या नावावर केली. मी तुझं नाव तसंच ठेवलं. का, तर काढलं तर तुला वाटेल ताईनं घराबाहेर काढलं. तूही कधी विषय काढला नाहीस. का, तर मला वाटेल हिस्सा मागायला आला. दोघं जन्मभर एकमेकांचं मन जपत बसलो आणि मधल्यामधी पोरीचं जहाज बुडायला आलं. असली अक्कल आपल्याच घरात मिळेल, दुसरीकडं शोधून सापडायची नाही.

आता ऐक. ते ऑफिस म्हणतं तू अर्ध्याचा मालक. तू म्हणतोस नावापुरता. मला विचारशील तर ऑफिसचं बरोबर आहे. कागद खरा आहे, आपणच त्याप्रमाणे वागलो नाही. तर आता वागू. खालचा मजला माझा, वरचा तुझा. वरचा मी रिकामा करते आणि भाड्यानं देते. भाडं तुझं. शेजारच्या चष्मेवाल्यानं त्याचा वरचा मजला केवढ्याला दिलाय ते विचारून आले. त्यात फी निघते. पोरीच्या राहण्याखाण्याचं तुझा पगार बघेल.

हो म्हणून कळव. विचार करतो असं लिहू नकोस. तुझा विचार पिकेपर्यंत महिना सरेल.

लोभाचं काय ते नंतर बघू.

ताई

ता. १६ जून

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र कचेरीत वाचलं. माझा चेहरा बघून शेजारच्या टेबलावरच्यानं विचारलं, कोणी गेलं का. बहिणीचं पत्र आहे म्हटल्यावर तो मग ठीक आहे म्हणून कामाला लागला.

ताई, आपली वाटणी केव्हाच झालेली आहे. मला कॉलेजात घातलं, तुला आठवीतून काढून दुकानात बसवलं. मला माझा वाटा मिळाला. दुकान तुझं. विषय मी एकदा काढला होता, रीतसर हक्कसोडपत्र करून आणलं होतं. तू ते वाचलं नाहीस. उलटं करून त्यावर खडूनं खुर्चीच्या पाठीचा नमुना काढलास आणि माझ्यासमोर कात्री चालवलीस.

शिवाय वर तू राहतेस. या वयात तुला खाली स्प्रिंगा आणि काथ्यात झोपवायचं आणि त्या भाड्यावर मी मुलगी शिकवायची? लोकांचं सोड, मला झोप येईल का? तुझं म्हणणं चूक आहे असं नाही. पण रागावू नकोस, थोडा विचार करतो.

आजवर सांभाळलंस तसंच सांभाळून घे.

तुझा धाकटा

ता. २० जून

चि. धाकट्यास,

अ. आ. विचार थांबव. वरचा मजला गेला. नाच शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांनी घेतला. पहिल्या वर्षाच्या फीपुरती अनामत देतायत, भाडं महिन्याच्या महिन्याला वेगळं, कारण त्यांना पायाखाली लाकडी फळ्यांची जमीन हवी होती आणि ती बाजारात आपल्याकडंच आहे. करारावर मालकाची सही लागते. मालक तू. रविवारी ये. नाही आलास तर बाई तिघीचौघी पोरींना घेऊन तुझ्या कचेरीत नाचतील, मी सांगून ठेवलंय.

आणि ते आठवीचं तू उगाच उरावर घेऊन फिरतोस. मला कोणी काढलं नाही. भूमितीच्या मास्तरांचं आणि माझं पटेना, मीच निघाले. बापाच्या मनात तुलाच दुकानात बसवायचं होतं. पण तुझ्या हातून एक खिळा सरळ जाईना, म्हणून तुला कॉलेजात टाकलं. तेव्हा उपकाराचं गाठोडं खाली ठेव आणि पेन घेऊन ये.

गाडीभाडं माझ्याकडून, लोभही.

ताई

ता. ११ ऑगस्ट

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. हे पत्र वसतिगृहातल्या माझ्या टेबलावरून. टेबल डुगडुगतं. पायाखाली घडी घातलेला कागद सारलाय, पण तुझ्या मनाला ते येणार नाही.

बाबा सही करून आले त्या दिवशीचं तुला सांगायचं राहिलं. अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली. आईनं विचारलं तर म्हणाले, ताईनं हातोडी दिली होती. मग खुर्चीत बसले आणि एकदम म्हणाले की मी मालक आहे. आईनं त्यांचं कपाळ चाचपून बघितलं. दुसऱ्याच दिवशी आम्ही फी भरली.

इथं एका मोठ्या शेडमध्ये अर्धवट बांधलेली होडी आहे, नुसत्या फासळ्या. आम्ही तिच्या आत उभं राहून मापं घेतो. मी पहिल्या दिवशी माप घ्यायचं विसरून नुसती उभीच राहिले. सर म्हणाले, आत शिरलीस, आता मोज.

आत्या, सगळं आवडतं. पण रात्री गादीवर पडलं की तू खाली सामानात आडवी झालेली दिसतेस आणि मला रडू येतं. नोकरी लागली की पहिलं काम म्हणजे तुझा वरचा मजला सोडवणार, वचन देते.

लोभ इतका केलास की ठेवायला जागा नाही.

तुझी भिंगरी

ता. १९ ऑगस्ट

चि. भिंगरीस,

अ. आ. रडं आवर, शाई पसरते. अर्धं पत्र चष्मेवाल्याकडं नेऊन वाचून घ्यावं लागलं.

एक सांगते, बापाला कळवू नकोस. मी वर झोपतच नव्हते. गुडघ्यांनी जिन्याला नाही म्हटलं तेव्हापासून खालीच झोपते, गिऱ्हाइकांच्या सोफ्यांवर. दुरुस्त केलेला सोफा द्यायच्या आधी कोणी झोपून बघायला नको? दर थोड्या दिवसांनी नवं अंथरूण, राणीलाही मिळत नसेल. डॉक्टरांचा सोफा इतका जमून आला की मुद्दाम उशिरा दिला. वर माझ्या साड्या राहायच्या नि धूळ. हे आधी बोलले नाही, कारण जिना चढत नाही म्हटलं असतं की तुम्ही सगळे मला उचलून तुमच्याकडं न्यायला आला असता. मला तिथं दिवसभर काय करायचं, तुझ्या आईच्या पाठीला तेल लावत बसू?

तेव्हा वरचा मजला सोडवायच्या भानगडीत पडू नकोस. बाईंच्या पोरी धाडधाड नाचतात. माझ्या मशीनला त्यांचा ताल बरा पडतो, शिवण सरळ येते.

तुझा बाप पूर्वी वर्षातून एकदा यायचा. पाहुण्यासारखा टोकावर बसायचा, पाणी प्यायचं की नको तेही विचारून. आता दर महिन्याला भाडं न्यायला येतो. बाई म्हणाल्या, पैसे पाठवून देत जाईन, कशाला एवढ्या लांब येता. तर म्हणाला, मालकानं स्वतः यावं लागतं. सकाळी येतो, दिवेलागणीला जातो. न विचारता डबे उघडतो, माझ्या शिलाईला नावं ठेवतो, सोफ्याचा सांगाडा धरून उभा राहतो. परवा एक खिळा सरळ मारला. त्यानं चष्मेवाल्याला बोलावून दाखवला.

मला कुणाचं रेंगाळणं खपत नाही, तुला ठाऊक आहे. पण तू मात्र घाईघाईनं शिकून मोकळी होऊ नकोस. अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे म्हणतात. त्याच्या पुढं काही शिकायचं असेल तर तेही शीक. फीचं मालक बघतायत.

लोभ इथं बक्कळ पडलाय, येऊन घेऊन जा.

तुझी आत्या